साहेबांचा शब्द आणि आईचा कावळा

बावीस वर्षं ज्या माणसाला मी अहो-जाहो केलं, त्याच्याबद्दल लिहिताना आता एकेरीवर येतो आहे. रस्त्यात समोर आला तर तोंडातून अजूनही 'साहेब'च निघेल, इतकी ती सवय हाडात मुरली आहे. पण कागदावर तरी मला त्याच्यासमोर हात बांधून उभं राहायचं नाही. ज्यांना हे खटकत असेल त्यांनी इथंच थांबावं, पुढे याहून वाईट आहे.

तो आधी जिल्हा परिषदेत होता. मग एकदा आमदार झाला आणि मग लागोपाठ दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडल्यावर त्याने पांढरा सदरा कपाटात ठेवला, रंगीत शर्टावर जाकीट चढवलं आणि कंपन्यांची कामं करून द्यायला लागला. परवानग्या, जमिनी, ग्रामसभांचे ठराव, जे अडेल ते. कार्डावर 'उद्योग समन्वयक' असं छापून घेतलं. आमच्याकडे याला दलाल म्हणतात, पण कार्ड छापताना तो शब्द कुणाला सुचला नाही. त्याच्या या दोन्ही जन्मांत मी त्याचा पीए होतो.

पीए म्हणजे पत्रं लिहिणारा, फोन घेणारा, पिशवी धरणारा, असं लोकांना वाटतं. माझं खरं काम सकाळी सहाला सुरू व्हायचं, आणि ते होतं मेलेली माणसं शोधण्याचं. दोन पेपर घ्यायचे, निधनवार्तांचं पान उघडायचं आणि आमच्या मतदारसंघातलं कोण गेलं त्यावर तांबड्या पेनाने खूण करायची. प्रत्येक बातमीच्या शेवटी एक ओळ असते, रक्षाविसर्जन अमुक वारी सकाळी नऊ वाजता. कोल्हापूर भागात ज्याला निवडून यायचंय त्याने लग्न चुकवलं तरी चालतं, रक्षाविसर्जन चुकवून चालत नाही. लग्नात हजार माणसं जेवून जातात, कोण आलं होतं ते कुणाच्या ध्यानात राहत नाही. स्मशानात राख गोळा करताना कोण शेजारी उभं होतं हे घर आयुष्यभर विसरत नाही.

मी रस्ता आखायचो. आधी कोडोली, तिथून वरची एखादी वाडी, परत येताना नदीकाठचं एक गाव. गाडीत मी त्याला माहिती द्यायचो, की गेलेला दूध संस्थेचा माजी संचालक, दोन मुलगे, त्यांचं आपसात बोलणं नाही, धाकट्या सुनेचं माहेर आपल्या विरोधातलं. तो खिडकीबाहेर बघत पेरू खात ऐकायचा. गाव जवळ आलं की बिया थुंकायचा, रुमालाने तोंड पुसायचा, आणि उतरताना त्याचा चेहरा असा पडलेला असायचा की घरचीच माणसं त्याचं सांत्वन करायला पुढे यायची.

बाहेरच्या माणसाला इथं थोडं सांगायला हवं. रक्षाविसर्जनाला राख गोळा झाली की गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं पानावर मांडतात. भात, वडे, चहाचा कप, कुणाची तंबाखूची चंची, कुणाचं बिडीचं बंडल. मग मंडळी मागे सरून हात जोडून उभी राहतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा लगेच शिवला तर माणूस समाधानाने गेला. नाही शिवला तर काहीतरी इच्छा राहिली. मग घरचे एकेक करून मोठ्याने बोलायला लागतात. धाकटीचं लगीन आमी करतो. म्हस इकत न्हाई. भावासंगं बोलतो. ज्या शब्दावर कावळा उतरेल तो शब्द मेलेल्याला पटला असं धरतात, आणि मग तो पाळावाच लागतो.

या माणसाने हात घातला तो इथे.

पहिल्यांदा ते चुकून झालं असावं. शाहूवाडीकडच्या एका वाडीत एक म्हातारा गेला होता. वाडीच्या ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, नव्हता. पावसाळ्यात म्हाताऱ्याला चादरीच्या झोळीत घालून लांबच्या वाटेने दवाखान्यात न्यावं लागलं आणि तेवढ्यात खेळ आटोपला. रक्षाविसर्जनाला पाऊण तास झाला तरी कावळा हलेना. तेव्हा हा पुढे झाला, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, "बाबा, तुमच्या वड्यावर साकव मी बांधतो. माझा शब्द हाय." आणि कावळा झाडावरून थेट भातावर. बायका हुंदके द्यायला लागल्या. म्हाताऱ्याचा मुलगा याच्या पाया पडला. पुढच्या निवडणुकीत त्या वाडीत विरोधकाला बूथवर बसायला माणूस मिळाला नाही.

तिथून त्याचं नाव झालं. साहेबांच्या शब्दाला कावळा शिवतो म्हणे. कुठेही कावळा अडला की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळायच्या, आणि तोही अगदी नाइलाज झाल्यासारखा पुढे व्हायचा.

दोनेक वर्षांनी मला त्यातली मेख कळली. तो कधीच लवकर उठायचा नाही. घरच्यांना बोलून बोलून दमू द्यायचा. त्याची नजर पानावर नसायची, झाडावर असायची. कावळा उतरायच्या आधी खालच्या फांदीवर येतो. मान तिरकी करून एकदा बघतो, जरा सरकतो, पुन्हा मान तिरकी करून बघतो आणि मग झेप घेतो. पहिल्या तिरक्या मानेला हा पाऊल उचलायचा. दुसऱ्या मानेपर्यंत त्याचं वाक्य संपलेलं असायचं. मी एकदा गाडीत हे बोलून दाखवलं, तर तो मांडीवर थाप मारून हसला.

"लई हुशार झालास की रं. कावळा येणारच असतुया. आपुन फकस्त त्येच्या म्होरं एक पाऊल असायचं."

मीही हसलो. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी फार सोवळा असल्याचा आव आणण्याची शक्यता आहे. मी हसलो आणि कुणाला सांगितलं नाही.

दिलेले शब्द लिहून ठेवायची वही माझ्याकडे होती. लांबट, कापडी पुठ्ठ्याची. गाव, गेलेल्याचं नाव, दिलेला शब्द, आणि शेवटी 'काम झाले' असा रकाना. सुरुवातीच्या पानांवर त्या रकान्यात बरोबरच्या खुणा आहेत, ते नाकारून चालणार नाही. एक एसटीचा थांबा, एक शाळेची खोली, एका विधवेची पेन्शन. आमदार झाल्यावर खुणा विरळ होत गेल्या. पुढे पुढे तो रकाना मी नुसता आखायचो. साकवसुद्धा झाला नव्हता.

माझे वडील गेले तेव्हा तो आमदार होता. वडिलांना सगळं गाव आबा म्हणायचं. आमचं गाव कोडोलीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. रान फार नाही, पण रस्त्याला लागून आहे आणि त्यात आबांनी स्वतः खणलेली विहीर आहे. मे महिन्यात गावच्या नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही, तेव्हाही ती आटत नाही. वरच्या वस्तीतली सगळी घरं तिच्यावर. आबांनी विहिरीला कधी कुंपण घातलं नाही. मी एकदा तसं सुचवलं, तर म्हणाले, "पाणी काय मी घातलंय व्हय त्यात?"

त्यांच्या रक्षाविसर्जनाला कावळा अडला. मी बोललो. माझी थोरली बहीण बोलली, तिला मी अक्का म्हणतो, ती गडहिंग्लजला दिलेली. आईने तर काय काय कबूल केलं. काही होईना. मग तो पुढे झाला. मी झाडाकडे बघितलं. मान तिरकी झालेली होती.

"आबा, तुमच्या हिरीला कुणी हात लावणार न्हाई. सगळ्यास्नी हाय, सगळ्यास्नी ऱ्हाईल. माझा शब्द."

कावळा उतरला आणि मी ढसाढसा रडलो. मेख ठाऊक असून रडलो. संध्याकाळी माझ्याच हाताने वहीत लिहिलं, विहिरीस कोणी हात लावणार नाही. त्या दिवशी या माणसाने माझा जीव मागितला असता तर मी दिला असता. आता हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्यांदा पडल्यावर तो वर्षभर घरात बसून होता. मग कोल्हापुरात ताराबाई पार्कात एक फ्लॅट घेऊन त्याने ऑफिस थाटलं. एसी, काचेचं टेबल, कोपऱ्यात खोटं झाड. आमच्या जुन्या संपर्क कार्यालयाबाहेर एक लाकडी बाकडं होतं, त्यावर गावाकडची माणसं अर्ज घेऊन सकाळपासून बसायची. ते बाकडं इथे आलं नाही. मी आणू का विचारलं, तर म्हणाला, "कुणाला बसवतूस त्येच्यावर?"

तो मुंबईला जायचा, मंत्रालयातल्या ओळखीच्या दारांतून आत-बाहेर करायचा आणि परत यायच्या आत फाईल पुढे सरकलेली असायची. "आधी लोकांची कामं सरकारकडनं करून घेत हुतो," तो मला समजावून सांगायचा, "आता कंपनीची कामं लोकांकडनं करून घ्यायची. माणसं तीच की." निवडून आलेला असताना त्याचं काम इतकं चोख कधी नव्हतं. मला चीड येते ती याची. त्याला काम येत नव्हतं असं नाही. येत होतं, सगळं येत होतं. फक्त ओढ्यापलीकडच्या म्हाताऱ्यासाठी करायचं नव्हतं.

आणि एक दिवस त्याने वही मागितली. म्हणाला, "ज्येंचं काम ऱ्हायलंय त्येंची गाववार यादी कर."

मला वाटलं, माणसाला उतारवयात उपरती झाली. मला इतका आनंद झाला की मी दोन दिवस बसून यादी केली. कॉम्प्युटरवर, सुबक, रकाने पाडून. गाव, मयताचं नाव, राहिलेला शब्द, घरात आता कर्तं कोण आहे. आयुष्यात इतकं मन लावून मी दुसरं काही केलेलं नाही, आणि इतकं नीच कामही माझ्या हातून दुसरं झालेलं नाही.

त्याचं तेव्हाचं गिऱ्हाईक म्हणजे बाटल्या भरणारी एक कंपनी. थंड पेयं आणि पिण्याचं पाणी. तिला आमच्या डोंगराच्या पायथ्याशी कारखाना टाकायचा होता आणि डोंगराच्या दोन्ही अंगांचं पाणी हवं होतं. त्यासाठी गावांचे ठराव आणि शेतकऱ्यांच्या संमत्या लागत होत्या. माझी यादी त्यासाठी होती. कंपनीने आधी साकव बांधून दिला, गाडी जाईल एवढा रुंद. त्याने म्हाताऱ्याच्या मुलाला नारळ फोडायला लावला आणि म्हणाला, "उशीर झाला, पर शब्द पाळला. तुजा बा वरनं बगत आसंल." मुलगा आता स्वतःच पिकलेला. तो शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. मग मी पिशवीतून संमतीपत्रं काढली. मेलेल्या बापाला दिलेला शब्द जो पाळतो, त्याला नाही कोण म्हणणार? वाडीने ओळीने सह्या केल्या. ज्यांना सही येत नव्हती त्यांचा अंगठा मी धरून टेकवला. त्याच पाण्यावर वाडीची भातं होती. कागद वाचून दाखवा असं एकानेही म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर मी काय वाचलं असतं मला माहीत नाही.

असं गावोगाव झालं. कुठे स्मशानाला पत्रा, कुठे देवळाला फरशी. आमचं गाव त्याने शेवटाला ठेवलं होतं.

रस्त्यामागची जमीन कंपनीने आधीच घेतली होती. ती जमीन आणि रस्ता यांच्या मध्ये आमचं रान, आणि रानात विहीर. त्या दिवशी काचेच्या टेबलावर वही उघडी होती. तो पानं उलटत आबांच्या नावापाशी थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ह्ये पान काढ."

मी फूटपट्टी लावून पान फाडलं. वेडंवाकडं फाटू नये म्हणून फूटपट्टी! मग त्याची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. टाकून दे असं तो म्हणाला नाही आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या गाडीतून माझ्या घरी गेलो. सातबाऱ्यावर तीन नावं, आई, अक्का आणि मी. त्याने आईपुढे पेढ्यांचा पुडा ठेवला, वाकून पायांना हात लावला आणि मावशी-मावशी करत सगळं सांगितलं. गडहिंग्लजच्या नातवाला नोकरी, तिला शहरात लिफ्टवाला फ्लॅट. आई तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "आमच्या मालकास्नी तुमी शब्द दिला हुता. कावळा शिवला. आता त्या कावळ्यालाच बोलवा आन इचारा. त्यो व्हय म्हणला तर मी अंगठा देते."

तो हसला. "मावशी, काळ बदलला की आता."

"कावळं त्येच हाईत," आई म्हणाली. मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आन तू रं? तू घरातला म्हणून आलायस, का गाडीतला म्हणून?"

मी गाडीतून आलो होतो आणि गाडीतूनच परत गेलो. नोकरी सोडली नाही. पन्नाशी उलटली होती, मुलगी शिकत होती, या वयात मला दुसरीकडे कोण ठेवून घेणार होतं. ही कारणं खरी होती. आईपुढे जाऊन ती सांगायची हिंमत मात्र झाली नाही, म्हणून मी त्या वर्षी गावाला जाणंच कमी केलं.

थंडीत आई गेली. दोन दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा मागितला आणि तो चुलीवरून उतरायच्या आत गेली. मी पोचलो तेव्हा चहा तसाच झाकून ठेवलेला होता.

रक्षाविसर्जनाच्या आदल्या दुपारी अक्का आणि मी ओसरीवर बसलो होतो. तेव्हा कळलं की तो गडहिंग्लजला तिच्याकडे दोनदा जाऊन आला होता. तिच्या मुलाला कायमची नोकरी कबूल केली होती.

"मी व्हय म्हटलं न्हाई आन न्हाई पण म्हटलं न्हाई," अक्का म्हणाली. "आई म्हणंल तसं, म्हटलं. आता आईलाच इचारायचं. उद्या त्येंच्या शब्दावर कावळा शिवला तर आई राजी झाली. मी सही करते. न्हाई शिवला तर मरूदे त्यो कारखाना."

अक्काचा हिस्सा कंपनीकडे गेला म्हणजे विहिरीवर कंपनीचा पाय पडला. मग मी एकटा सही अडवून किती दिवस बसणार होतो? आणि कावळा त्याच्या शब्दावर शिवणार हे मला जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं गावात कुणालाच नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. खालची फांदी, तिरकी मान, त्याचं पाऊल.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आबांच्या येळंला पण?"

"व्हय."

"तुला तवा ठावं हुतं?"

"व्हय."

"आन तू तर रडत हुतास." ती उठली. "म्हंजे तवा खोटं रडलास, का आता खोटं बोलतूस?"

ती आत गेली. खरं तर तेव्हा मी खरं रडलो होतो आणि आता खरं बोलत होतो, पण हे पटवायला माझ्याकडे काही नव्हतं. बावीस वर्षं ज्याने तोंड उघडलं नाही, त्याने जमिनीचा विषय निघाल्यावर उघडलं होतं. अक्काच्या जागी मी असतो तर मीही विश्वास ठेवला नसता.

सकाळी नऊला ओढ्याकाठच्या स्मशानात सगळा गाव जमला. तो आला. पांढरा सदरा पुन्हा कपाटातून बाहेर निघाला होता. बरोबर कंपनीचा मॅनेजर, काळ्या चष्म्यातला, बूट काढायचे की नाही या पेचात. त्याला तिथंच सोडून याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि भरल्या गळ्याने म्हणाला, "माझीच आई गेली बग." त्याच्या तोंडाला पेरूचा वास येत होता.

पानावर आईच्या आवडीचं मांडलं. भाकरी, भरलं वांगं, तिची मिसरीची डबी आणि चहा. करंजाच्या झाडावर चार-पाच कावळे होते. कुणी हलेना. अक्का म्हणाली, "आई, तुज्या तुळशीला पाणी कमी पडू देणार न्हाई." कुणी हलेना. चुलते काहीबाही बोलले. मग मी पुढे झालो आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणालो, "आई, मी सही करणार न्हाई. हीर ऱ्हाईल."

कावळा हलला नाही.

मागे कुजबुज झाली. अक्काने माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर वळवली. मी त्या कावळ्यांबद्दल सगळं जाणून होतो, भुकेचं आणि फांद्यांचं, तरी त्या क्षणी वाटलं, हे आईचंच म्हणणं आहे. आई माझ्यावर रागावलेली असेल तर ती बरोबरच होती.

मग एक कावळा खालच्या फांदीवर आला. मान तिरकी केली. मी बाजूला बघितलं. त्याने पाऊल उचललं होतं.

"मावशी," त्याने हात जोडले, "तुमच्या नावानं ह्या गावात कंपनीकडनं दवाखाना बांधतो. तुमची हीर, तुमची जागा, तिचं सोनं..."

कावळा सरकला. अक्काचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. कावळ्याने दुसऱ्यांदा मान तिरकी केली आणि पंख सोडवले.

मी टाळ्या वाजवल्या. जोरात, हात दुखेपर्यंत. "हाड! हाड!" करत पानाकडे धावलो, वाकून एक ढेकूळ उचललं आणि झाडावर भिरकावलं. झाडावरचे सगळे कावळे एकदम उठले आणि ओरडत ओढ्यापलीकडे गेले.

मग चुलता ओरडला, "आरं येडा झालास व्हय! आईचा कावळा उडवलास?" चुलतीने कपाळ बडवून घेतलं. कुणीतरी मला दंडाला धरून मागे ओढलं. तो मात्र तसाच उभा होता, हात जोडलेले, तोंड अर्धं उघडं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला कुठला चेहरा करावा ते सुचत नव्हतं.

"साहेब," मी म्हणालो. निघालाच तो शब्द तोंडातून. "दुसऱ्या मानंला वाक्य संपाय पायजे हुतं. आज जरा लांबलं."

गावाला काही कळलं नाही. त्याला कळलं. अक्काने डोळे उघडून आधी त्याच्याकडे, मग रिकाम्या फांदीकडे बघितलं, आणि बराच वेळ फांदीकडेच बघत राहिली. इतके दिवस जपून ठेवलेलं आबांचं पान मी त्या सकाळी खिशात घातलं होतं, ते काढलं आणि त्याच्या जोडलेल्या हातांत खुपसलं. म्हटलं, "ह्ये तेवढं यादीतनं ऱ्हायलं हुतं." मॅनेजर मागून त्याला विचारत होता, "हो गया क्या?"

आणखी अर्धा तास लोक थांबले. कावळे परत आले नाहीत. शेवटी आईचं पान उचलून गाईपुढे ठेवलं. राख आम्ही विहिरीच्या काठाला खड्डा काढून घातली आणि वर आंब्याचं रोप लावलं. अक्काने सही केली नाही. कावळा शिवला नाही म्हणून, की तिला मेख पटली म्हणून, हे तिने मला आजवर सांगितलेलं नाही. पुढचे कितीतरी महिने ती माझ्याशी बोललीच नाही.

त्याचं काही वाकडं झालं असं समजू नये, माझी नोकरी तेवढी गेली. कंपनीने डोंगराच्या पलीकडच्या अंगाला दुसरी जागा घेतली, साकवाच्या वाडीजवळ. साकवावरून आता तिचे ट्रक जातात. वाडीचं पाणी कमी झालंय असं ऐकतो. त्या संमतीपत्रांवर कितीतरी अंगठे मी धरून टेकवलेत, त्यामुळे तिकडे जायला मला तोंड नाही. मध्यंतरी पेपरात त्याचा फोटो होता, कुठल्याशा परिषदेत, गळ्यात हार, खाली 'उद्योगमित्र' वगैरे. निधनवार्तांच्या पानाच्या पाठीमागेच छापला होता.

मला गावात आता रक्षाविसर्जनाला कुणी बोलावत नाही. गेलो तर मागे उभं राहा म्हणतात. आईचा जीव घुटमळतोय आणि त्याला मी कारण आहे, असं चुलती उघड बोलते. मी भांडत नाही. जे केलं ते पुन्हा करीन, एवढंच मला ठाऊक आहे, आणि त्याने मनाला शांती मिळते असं मुळीच नाही.

दर वर्षी आईच्या श्राद्धाच्या दिवशी मी सकाळी एकटा विहिरीवर जातो. काठावर पान मांडतो, भाकरी, वांगं, मिसरीची डबी, चहा. कावळा कधी येणार, कुठल्या फांदीवरून येणार, हे मला झाडाकडे एकदा बघून सांगता येतं. मी बघत नाही. पान ठेवलं की पाठ करून उभा राहतो, कारण खरं सांगायचं तर मला भीती वाटते. वरच्या वस्तीतल्या बाया तोवर घागरी घेऊन आलेल्या असतात. माझ्या पाठीमागे काय चाललंय ते त्यांना दिसत असतं. मी त्यांना विचारत नाही, त्याही काही बोलत नाहीत, आणि पाणी भरून निघून जातात.